उजव्या कोपऱ्यातली वाट

पाच मिनिटं डोळे मिटायचे, झोपायचं मात्र नाही, असा करार व्हर्ना स्वतःशी करते आणि गाडी रस्त्याकडेच्या एकुलत्या झाडाखाली घेते. असले करार कोण पाळतं? भर दुपार आहे. ऑगस्टचं ऊन लाल मातीवर आपटून परत डोळ्यांत घुसतंय. फ्लॅगस्टाफ अजून दोन तासांवर आहे आणि तीन दिवसांत तिला धड झोप नाही. कारण डोळा लागला की मामा येतो. येतो आणि पाठमोरा बसून राहतो, आणि ती दचकून उठते.

व्हर्ना अटाकाई पोलिसात आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात नवाहो लोकांचा जो मुलूख आहे, तिथली, त्यांच्यातलीच. दंगा करणाऱ्या दारुड्याला ती एका हाताने गाडीत कोंबते. पण मेलेल्या माणसाचा विषय निघाला की तीही उठून जाते. तिच्या लोकांत मेलेल्याचं नाव घेत नाहीत, त्याच्या वस्तूंना हात लावत नाहीत. माणूस गेला की त्याच्यातलं चांगलं निघून जातं आणि वाईट तेवढं मागे रेंगाळतं, असं ते मानतात. या रेंगाळणाऱ्याला त्यांच्या भाषेत चिंडी म्हणतात. आपल्या चिंधीशी त्या शब्दाचं नातं नाही. पण मला विचाराल तर अर्थ फार लांबचा नाही.

मागच्या सीटवर मामाचा गालिचा आहे. घडी घालून जाड पारदर्शक पिशवीत ठेवलेला, वर सील. मामा सख्खा नव्हे, कुळातला. तरी शाळेच्या सुट्टीत तिला मेंढ्यांमागे हिंडवणारा तोच. तो गालिचे विणायचा. तिकडे हे बायकांचं काम, त्यामुळे पुरुष त्याला हसायचे आणि गालिचा पाहिला की गप्प बसायचे.

पाच आठवड्यांपूर्वी, एका शुक्रवारी, मामा घराखालच्या कोरड्या ओढ्यात मरून पडलेला सापडला. डोक्याला मार होता. केव्हा गेला, हे डॉक्टरला उन्हामुळे नीट सांगता येईना. ते सांगितलं दुकानदार हॅल्व्हरसनने. "गुरुवारी दुपारी तो स्वतः पुरा झालेला गालिचा घेऊन आला होता," म्हणाला आणि शुक्रवारीच तो गालिचा पोलिसांपुढे ठेवला. म्हणजे गुरुवारी दुपारी मामा जिवंत होता. आणि गुरुवारी संध्याकाळी, चार दिवस बाहेरगावी पाइप टाकण्याचं काम करून, त्याचा सावत्र मुलगा एर्विन घरी आला होता. शेजाऱ्यांनी त्याचा आरडाओरडा ऐकला होता. संपलं. एर्विन कोठडीत आहे. व्हर्नाने आज गालिचा फ्लॅगस्टाफच्या फेडरल ऑफिसात पोचवून निवेदनावर सही केली की तो जन्मभर बाहेर येत नाही.

निघताना आईने तिच्या कपाळाला जुनिपरच्या लाकडाची राख लावली होती. स्वप्नात मेलेला येत असेल तर तीच लावतात. "पुसू नकोस हं," आई म्हणाली होती. व्हर्नाने पहिल्याच वळणावर पुसली. पोलिसाच्या टोपीखाली राख कशी दिसेल?

झाडाची सावली तिच्या मांडीवरून सरकत दाराकडे जाते. इंजिन टिक्, टिक् करत गार होतंय. आता उठायचं, असं ती म्हणते. टिक्, टिक्. हा आवाज इंजिनचा नाही, मागावर फणी ठोकण्याचा आहे.

"पुसलीस ना राख?"

मागच्या सीटवरून आवाज येतो. गाडीत करपलेल्या कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास भरलाय. आरशात तिला फक्त टोपीचा मागचा भाग दिसतो. माणूस मागे बसलाय आणि तरीही पाठमोरा.

"मागे बघू नकोस," तो म्हणतो.

"बघत नाही." तिचा आवाज बारीक निघतो. बोलायचंच नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. मेलेल्याला उत्तर द्यायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्यातलं एक आताच मोडलं.

"पोलिस झालीस, पण आळस गेला नाही तुझा. पाच आठवडे माझी घडी मोडली नाहीस."

"हात लावायचा नसतो, मामा."

"तेही खरंच," तो म्हणतो आणि गुणगुणायला लागतो.

रस्ता पुढे अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना हिरवट भिंती, खाली घासून गुळगुळीत झालेली फरशी. हा तिच्या शाळेच्या वसतिगृहाचा व्हरांडा आहे. व्हर्ना सात वर्षांची आहे आणि तिचे बूट मोठे आहेत. मामा पुढे चाललाय. तिच्या ओळखीची टोपी, ओळखीची किंचित लंगडी चाल. तिला रडू फुटतं, कारण याच व्हरांड्यात ती दर रविवारी त्याची वाट बघायची.

"मला घरी ने ना."

"न्यायलाच आलोय. पण दार सापडू दे."

दारं दोन्हीकडे आहेत. ती एकेक ढकलून बघते. सगळी नुसती भिंतीवर रंगवलेली. ती पळते, आणि पायाखाली फरशी नसते, माती असते. समोर मामाचा होगान आहे, आठ कोनांचं मातीचं घर, आणि ती आत आहे. मध्ये माग उभा आहे. मामा मागासमोर पाठमोरा बसलाय. आत असह्य उकडतंय.

होगानचं दार पूर्वेला असतं. नेहमीच. आंधळ्यालाही सापडतं. व्हर्ना रीतीप्रमाणे डावीकडून उजवीकडे, सूर्य फिरतो तशी, भिंतीला हात लावत फिरते. भिंत काळी आहे. हाताला माती लागत नाही, लोकर लागते. ती एक फेरा घालते, दुसरा घालते. काळीभोर, सलग, कुठे फट नाही.

"मामा, दार कुठंय?"

"ते तू सांगायचं. पोलिस तू आहेस."

"थट्टा करू नकोस!"

"थट्टा नाही गं पोरी." आता त्याचा आवाज थकलेला आहे. "पाच आठवडे फिरतोय मी इथे. बाहेर पडता येत नाही. आणि आतल्या आत मी काही चांगला होत चाललेलो नाही."

तिला कळतं की हे शेवटचं वाक्य मामाचं आहे, पण त्यातला आवाज पुरता त्याचा नाही.

मागाचे उभे धागे ताणलेले आहेत. त्या धाग्यांच्या पलीकडे कोणीतरी बसलंय. गजांआड बसावं तसं. एर्विन. केस विस्कटलेले, पायांत कोठडीतल्या सपाता.

"ताई, मी ओरडलो ते हाका मारत होतो," तो म्हणतो. "घरात कोणी नव्हतं. चूलसुद्धा गार होती. हे मी सगळ्यांना सांगितलं."

"मलाही सांगितलंस."

"मग?"

ती मान खाली घालते तर समोर लाकडी काउंटर आहे, वर डबे, साखरेची पोती, दोऱ्यांची रिळं. हॅल्व्हरसन डोळ्याला भिंग लावून मामाच्या एका जुन्या गालिच्यावर वाकलाय. त्याची बायको खिडकीशी छोट्या मागावर बसलीय. ती व्हर्नाकडे बघून गोड हसते. "मीही थोडं विणते हं. पुस्तकात बघून." हे वाक्य ती जबानीच्या दिवशीही बोलली होती, चहा देता देता. व्हर्नाने लिहून घेतलं नव्हतं. चहाबरोबरचं बोलणं कोण लिहून घेतं?

"हे बघ," हॅल्व्हरसन उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवतो. "एवढी सुंदर काळी कड, आणि तिच्यात हा एक पांढरा धागा घुसलाय. थेट बाहेरपर्यंत. गिऱ्हाईक याला खोट म्हणतं. पुढच्या वेळी घालू नकोस."

"ती खोट नाही," मामा म्हणतो. "वाट आहे."

"कसली वाट?"

"माझी. विणताना माणूस आत जातो. चारही बाजूंनी कड बंद केली तर बाहेर कसा येणार?"

"नवीन गालिच्यात ती नको, एवढं मला कळतं."

"मग नवीन गालिचा तुला नाही," मामा म्हणतो. "अजून चार बोटं विणायचा राहिलाय. राहू दे."

हॅल्व्हरसन भिंग खाली ठेवतो. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू आहे, पण मानेवरची शीर फुगलीय. त्याची बायको फणी ठोकायची थांबते.

हे भांडण तिला माहीत होतं! वसंतात मामाने हसत हसत सांगितलं होतं, तिने हसत हसत ऐकलं होतं आणि विसरून गेली होती. पुन्हा काळ्या भिंती, पुन्हा माग, पुन्हा ती पाठ.

"मामा, चार बोटं राहिली होती ना? मग पुरा कोणी केला?"

तो गुणगुणत राहतो.

"सांग ना. तुला ओढ्यात कोणी टाकलं?"

"मेलेल्याची जबानी कोण लिहून घेतं, पोरी? मी बोललो तरी ते तुझ्या कागदावर उतरायचं नाही. जे डोळ्यांना दिसतं ते बघ."

"मी तुला नावाने हाक मारू? मारली तर सांगशील?"

"नको." तो पहिल्यांदाच ओरडतो. भिंती आत सरकतात. "हाक मारलीस तर मला थांबावं लागेल."

मग तो, न वळता, हात मागे करतो. बोटांत पांढऱ्या लोकरीचा वीतभर धागा आहे. "धर."

घ्यायचं नाही. काहीही झालं तरी मेलेल्याच्या हातचं घ्यायचं नाही. तिला आजारपणं आठवतात, वेडी झालेली माणसं आठवतात, आईचा राखेने माखलेला अंगठा आठवतो. धाग्यांपलीकडे एर्विन दोन्ही हातांनी गुडघे धरून बसलाय आणि तिच्याकडे बघतही नाही. त्याने आशा सोडलीय. तेच तिला सहन होत नाही. ती धागा घेते.

मामाची मान हलते. तो वळायला लागतो. टोपीची कड, मग कान, मग गालाची—

हॉर्न कर्कश वाजतोय. व्हर्नाचं कपाळ स्टिअरिंगवर आहे. ती ताडकन मागे होते, हॉर्न थांबतो, आणि सगळीकडे नुसतं ऊन. घड्याळात जेमतेम दहा मिनिटं सरलीत. शर्ट पाठीला चिकटलाय.

तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते. आत पांढऱ्या लोकरीचा वीतभर धागा आहे.

ती मागे बघते. पिशवीचं सील जसंच्या तसं. गाडीत लोकरीचं दुसरं काही नाही. मामाने दिलेलं सगळं तिने कधीच देऊन टाकलंय.

ती खाली उतरते, मागचं दार उघडते आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती पिशवी दोन्ही हातांनी उचलते. आतापर्यंत ती बंदाला धरून, कचऱ्याची असावी तशी, अंगापासून दूर उचलायची. गोऱ्या अधिकाऱ्याने गालिच्याचे फोटो काढले, पण काय बघायचं हे त्याला माहीत नव्हतं. जिला माहीत होतं तिने भीतीपोटी बघितलंच नाही. घडीमुळे चारही कोपरे एकावर एक आलेत. ती पिशवी उन्हात धरते आणि पातळ कडा प्लास्टिकवरूनच एकेक करून सरकवते. पहिला काळा. दुसरा, तिसरा, चौथाही काळा. वाट कुठेच नाही. आणि एका टोकाला काळा रंगच वेगळा आहे. बाकीची कड मेंढीच्या अंगच्या काळ्या लोकरीची, तपकिरीकडे झुकणारी. हा पट्टा दुकानातल्या रंगवलेल्या दोऱ्याचा, उन्हात निळसर चमकणारा. ती प्लास्टिकवर बोटं आडवी टेकवते. चार बोटं.

रेंज मिळायला तिला टेकाडावर चढावं लागतं. फेडरल तपास अधिकारी कॉफ्लिन पहिल्याच रिंगला फोन उचलतो.

"कुठे आहेस? निवेदन तयार आहे, तुझी सही तेवढी राहिलीय."

"मी सही करणार नाही, सर. पिशवीचं सील तुम्ही माझ्यासमोर तोडा. शेवटची चार बोटं मामाने विणलेली नाहीत. दोरा दुकानातला आहे. दुकानदाराची बायको विणते, तिच्याकडचा दोरा जुळवून बघा."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे गालिचा पुरा व्हायच्या आधीच तो गेला होता. चार बोटं विणायला दोन-तीन दिवस लागतात, आणि शुक्रवारी तो गालिचा आपल्यासमोर पुरा होता. गुरुवारी पुरा गालिचा घेऊन दुकानात कोणी आलं नाही, हॅल्व्हरसन खोटं बोलतोय. आणि गुरुवारी एर्विन ओरडला तो रिकाम्या घरात. त्याच्या आधी चार दिवस तो कामावर होता, तिथे हजेरी आहे."

पलीकडे कागदांची सळसळ होते. मग कॉफ्लिन म्हणतो, "ठीक. ये तू. आपण उघडू. हे नोंदवून घेतो. मयताचं पूर्ण नाव सांग."

"तुमच्या कागदावर आहे ते."

"तुझ्या तोंडून हवं, अटाकाई."

"माझ्या तोंडून मिळणार नाही," ती म्हणते. "त्याला जायचंय."

गाडीशी परत आल्यावर ती उन्हाकडे बघून दिशा ठरवते. सावली सरकतेय ती बाजू पूर्वेची. त्या बाजूचं मागचं दार ती सताड उघडते आणि पिशवी सीटच्या अगदी कडेला ठेवते. धाग्याचं एक टोक पिशवीखाली, उजव्या कोपऱ्यापाशी दाबते आणि दुसरं सीटवरून, उंबऱ्यावरून, बाहेर सोडते. बरोबर पुरतो. मग पाठ फिरवून उभी राहते. तिला भयंकर भीती वाटतेय, आणि रडूही येतंय. ती लाल मातीकडे बघत राहते, मागे बघत नाही. बराच वेळ.

पाठीमागे हात नेऊन चाचपडतच ती दार लावते. धागा दारात अडकतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. ती तो तसाच राहू देते आणि फ्लॅगस्टाफच्या रस्त्याला लागते.