वेलीतून गेलेला रस्ता

मी घर सोडलं त्या सकाळी आबा वाडीत पानवेल उतरवत होते. आबा म्हणजे माझे वडील. वेल उतरवणं शहरातल्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. वेल आधाराला धरून चढत चढत जाते, मग हाताला पान लागेनासं होतं. अशा वेळी तिचे बंध सोडून तिला खाली घ्यायची, बुडाशी वेटोळं करून मातीत पुरायची आणि शेंडा तेवढा उघडा ठेवायचा. तो नव्याने चढतो. हे दोघांचं काम. एकाने शिडीवरून सोडायची, दुसऱ्याने खाली झेलायची. त्या दिवशी आबा एकटेच शिडी चढत होते आणि उतरत होते. आमच्यात वेलीत पायताण घालून कोणी जात नाही. मी चपला काढून आत गेलो असतो तर वेल झेलायला थांबावंच लागलं असतं, आणि एसटी चुकली असती. म्हणून बाहेरूनच म्हटलं, "आबा, येतो." त्यांनी मान वळवली नाही.

आईने सुकेळ्यांचं पुडकं हातात दिलं. पिकली केळी स्वतः उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात घट्ट बांधलेलं. "पोचलास की कार्ड टाक," एवढंच म्हणाली. माझी बायको सुमन आणि मुलगी निमा ट्रंक घेऊन पुढे गेल्या होत्या. आबा जे बोलायचं ते आदल्या दिवशी बोलून बसले होते. "इथं मालक हायस. तिथं माळी होशील. जा."

ते वाक्य मी पुढे किती वर्षं उचलून फिरलो ते माझं मला माहीत.

ही गोष्ट ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनीची. आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, केळी, पानवेल आणि फुलं पिकवणारं. मी स्वतः चौथीपर्यंत शिकलो, पुढे वाडीने शिकवलं. पण निमाचं डोकं वेगळं होतं. वाडीतला पंप बंद पडला की मी मिस्त्रीला बोलवायला निघायचो आणि ती तोवर पाना घेऊन बसलेली असायची. मी मिस्त्रीला घेऊन यायचो तर पंप चालू. मिस्त्री म्हणायचा, "दामूशेठ, मला कशाला चालवता उन्हातून?" बारावी झाली आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव थोडक्यात राहिलं. गावात सगळे म्हणाले, मुलगीच आहे, मास्तरीण होऊ दे.  निमा दोन दिवस पंपाजवळ गेली नाही, तेवढं मला पुरलं.

खासगी कॉलेजं काढायची मुभा तेव्हा नवीनच मिळाली होती. असं एक कॉलेज घाटावर निघणार होतं आणि त्याचे संस्थापक आमच्या समाजाच्या हॉलमध्ये माहिती सांगायला आले. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही सरच म्हणतो. पुठ्ठ्यावर कॉलेजचं रंगीत चित्र लावलं होतं. तीन मजली इमारत, पुढे हिरवळ, दोन्ही बाजूंना झाडं. सर सांगत होते, सिव्हिल आहे, मेकॅनिकल आहे, इलेक्ट्रिकल आहे, शेजारी पॉलिटेक्निक येणार, मग फार्मसी. लोक चित्राकडे बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "चित्रातलं कॉलेज, चित्रातली डिग्री," आणि हॉल हसला.

मी उभा राहिलो. म्हटलं, "सर, इमारतीचं मला कळत नाही. पण ही झाडं दाखवलीत, त्यांना पाणी कुठून आणणार?"

सरांनी एकदा चित्राकडे पाहिलं. मग खरं ते बोलले, "अजून ठरलेलं नाही. माळरान आहे."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या वाडीत आले. बूट घालून सरळ वेलीकडे निघाले तर आबा ओरडले, "ओ, पायताण भायेर!" सरांनी निमूट बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. आबांनी तो बघितला आणि मला वाटतं, त्या माणसाचा तेवढा राग त्यांनी केला नाही. राग माझ्यासाठी शिल्लक ठेवला. कारण सरांनी मला विचारलं, येता का? माळ हिरवा करून द्या, राहायला खोली देतो, तुमची मुलगी आमच्याकडे बिनफीची शिकेल.

मी हो म्हणालो. आबांना न विचारता. चाळीस वर्षांचा होतो आणि तोवर एकही गोष्ट त्यांना न विचारता केली नव्हती.

माळ कसा होता ते पत्रात कधी लिहिलं नाही, आता लिहितो. पहार मारली की ठिणगी उडायची. इमारत अर्धी, पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप. नेमणुकीच्या कागदावर माझ्या नावापुढे 'माळी' लिहिलं होतं. मी तो परत केला. कारकून म्हणाला, "मग काय लिहू, कलेक्टर?" मी म्हटलं, "बागायतदार लिहा." तसं पद नसतं म्हणाला. चार दिवस कागद तसाच पडून राहिला, मी कामाला लागलो होतो तरी सही केली नाही. शेवटी सरांनी स्वतःच्या हाताने 'उद्यान प्रमुख' लिहिलं. माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता, तरी प्रमुख. मी तो कागद आईला पाठवला, आबांच्या कानावर जावा म्हणून. आईचं उत्तर आलं, त्यात पावसाचं होतं, गाईचं होतं, कागदाचं काहीच नव्हतं.

विहिरीला पाणी लागलं तसा शेवरी आणि हादग्याचा आडोसा केला आणि वसईहून केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून आणलेले पानवेलीचे तुकडे लावले. कॉलेजला पानवेलीचा काय उपयोग? काही नाही. ती माझ्यासाठी होती. विहीर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये जेमतेम चार ओळी. बाहेर पाटी लावली, 'चपला काढून आत यावे'. पोरं हसायची, मला वसईकाका म्हणायची, पण चपला काढायची. संध्याकाळी निमा कॉलेजमधून सुटली की अनवाणी येऊन वेलीत बसायची. आम्ही फारसं बोलायचो नाही. तिथे ओलाव्याचा वास घराचा होता.

दर मे महिन्यात सर मला वसईला पाठवायचे, माहितीपुस्तकांचा गठ्ठा देऊन. माझी माणसं माझं ऐकतील म्हणून. मी हिंदू वाड्यांत जायचो, ख्रिस्ती गावांत जायचो. रविवारी मिस्सा सुटला की चर्चच्या आवाराबाहेर उभा राहायचो. वाटायचं लोक विचारतील मशीन किती आहेत, मास्तर कसे आहेत. पहिला प्रश्न इनासकाकाने केला. इनासकाका फुलशेती करायचा, माझ्या आबांचा बाजारातला जुना सोबती.

"दामू, तिथं मासळी मिळते काय रे?"

"नाही," मी म्हटलं. "बाजाराच्या दिवशी सुके बोंबील. तेही गेल्या वर्षीचे असावेत."

"आणि पोरांना काय घालतात?"

"बटाटा. रोज बटाटा."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. इनासकाका म्हणाला, "अरे, तू पोरं न्यायला आलास का पळवून लावायला?" पुढच्या रविवारी तोच धाकट्या मुलाचे कागद घेऊन आला. म्हणाला, "जो बोंबलाचं खोटं सांगत नाही तो मशीनचंही सांगणार नाही." त्या वर्षी वसईची अकरा मुलं आली. सरांच्या कानावर मासळीची गोष्ट गेली तेव्हा ते मला म्हणाले, "दामोदर, तुम्ही जाहिरात करता की तक्रार?" पण पुढल्या वर्षीही मलाच पाठवलं.

त्या फेऱ्यांत मी घरीच उतरायचो. आबा माझ्याशी बोलायचे नाहीत. आईला सांगायचे, "त्याला विचार, जेवणार का." मी समोर बसलेलो. मीही आईला सांगायचो, "आबांना सांग, जेवणार." माहितीपुस्तक ओट्यावर मुद्दाम ठेवून यायचो. वरच्या चित्रात माझी झाडं आली होती, खरी. परत निघताना बघावं तर ते ठेवलं तिथेच, तसंच.

निमा तिसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाची तपासणी समिती यायची ठरली. कॉलेजला तोवर वर्षावर्षाची मान्यता होती. या वेळी नाही मिळाली तर पोरांची वर्षं वाया, निमाचीही. सगळे आठ दिवस रंग देत होते. मी झाडांच्या बुडांना गेरू लावला.

समितीत तिघं होते. विहीर बघून झाली, वर्कशॉप बघायचं होतं. लांबचा रस्ता इमारतीला वळसा घालून जायचा, जवळचा माझ्या वेलीतून. अध्यक्ष साहेब बोलत बोलत वेलीकडेच वळले. मी मध्ये उभा होतो.

"साहेब, बूट," मी म्हणालो.

"काय?"

"बूट काढावे लागतील."

"हे काय देऊळ आहे?"

"नाही साहेब. वेल आहे."

 वर्कशॉपच्या दारात निमा तिच्या वर्गाबरोबर उभी होती. अंगात खाकी डगला, हाताला ग्रीस. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी वाचलं, बाबा, आज नको. मला सगळं कळत होतं. हिच्यासाठी घर सोडलं, आबांशी बोलणं तुटलं, मग चार पावलं बाजूला व्हायला काय जातं? मी मुलीसाठी काहीही गिळेन असं मी तोवर समजत होतो. पण पाय हलले नाहीत.

सर खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. अध्यक्षांनी हात वर केला. "राहू द्या, आपण लांबून जाऊ." आणि सगळे वळसा घालून गेले. निमा त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलली. वेलीत बसायला आली नाही. सुमन म्हणाली, "आबांचीच जात तुमची, दुसरं काय."

विद्यापीठाचं पत्र आलं. मान्यता मिळाली होती. सर स्वतः खोलीवर सांगायला आले, आणि खाली बसून त्यांनी शेवटचा एक मुद्दा वाचून दाखवला. वर्कशॉपला विहिरीच्या बाजूने सरळ आणि मोकळा रस्ता हवा.

"म्हणजे वेल जाणार," मी म्हटलं.

"माणसं लावतो मी. तुम्ही दोन दिवस वसईला जाऊन या."

"माणसं नकोत."

मी वेल उतरवली. जशी उतरवतात तशीच, बंध एकेक करून सोडले, फक्त या वेळी पुरायची नव्हती. तिसऱ्या ओळीला आलो तर शिडीखाली कोणीतरी उभं. निमा. अनवाणी. तिने हात वर केले आणि मी सोडत गेलो ती वेल झेलत गेली.  त्याच जागेवर मग खडी पडली.

त्या मे महिन्यात घरी गेलो. इनासकाकाचा मुलगा माझ्याआधी येऊन पोचला होता आणि त्याने सगळी हकिगत गावभर केली होती. मी जेवायला हात धुतले. आबा ओट्यावर बसले होते. आईकडे न बघता म्हणाले, "वेल काढलीस?"

तीन वर्षांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

"काढली."

"कोणी?"

"मीच. निमाने झेलली."

आबा ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "बस जेवायला." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या त्या सरांना मोजे घेऊन दे."

निमा इंजिनिअर झाली. पंप बनवणाऱ्या कारखान्यात लागली. संस्थेची एकाची चार कॉलेजं झाली आणि माळावर आता सावली शोधावी लागत नाही. आबा गेले, मागोमाग आई. गावातल्या विहिरींचं पाणी मचूळ झालं, पानवेल राहिली नाही. वाडी चुलतभाऊ सांभाळतो. वसईच्या माणसांनो, जे तुम्ही मागे राहिलात त्यांनी मला कधीमधी म्हटलंय, तू सुटलास. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात ते भेटलात की म्हणता, परत जायला हवं होतं. दोघांना मी हसून मान हलवतो. दोघांचंही मला पटत नाही.

झालं असं, की जिच्यासाठी मी वसई सोडली ती वसईला परत गेली. निमा आता तिथल्या एव्हरशाईन सिटी या इमारतींच्या वसाहतीत राहते, स्वतःच्या घरात. मी माळावर. संस्थेने खोली सोडायला सांगितली नाही, मी सोडली नाही. ती फोन करते, "बाबा, आता घरी या." मी सांगतो, आंब्याला मोहोर आलाय. मग सांगतो, उन्हाळ्यात झाडांना बघायला माणूस नाही. मग सांगतो, प्रवेशाचे दिवस आहेत, वसईची पोरं येतील, त्यांना कोणीतरी ओळखीचं हवं. ही सगळी निमित्तं, तिला ठाऊक आहे. सुमन गेल्यापासून ती माझ्याशी वाद घालत नाही. एक पलंग मात्र माझ्या नावाने अंथरून ठेवते.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिच्या गॅलरीत बसलो होतो. समोर इमारतीच इमारती. संध्याकाळी वारा फिरला आणि मी म्हणालो, "भरती लागली."

"बाबा, समुद्र कुठे, आपण कुठे!"

"लागली म्हणतो ना."

तिने मोबाइलमध्ये भरतीची वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

इकडे माळावरही संध्याकाळी पश्चिमेचाच वारा येतो. इतकी वर्षं मी रोज त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. घाट ओलांडेपर्यंत त्याच्यात समुद्राचं काही उरत नाही. तरी दिवे लागेपर्यंत मी आत जात नाही.