अनुपमाताई आणि ‘व इतर’ बाया

मेहकरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्या दुकानात बसल्या बसल्या, एका हातात चहाचा कप धरून, मी जानेफळच्या सहा बाया गायब केल्या. पोलिसात तक्रार वगैरे झाली नाही, कारण बाया आपापल्या घरी सुखरूप होत्या. त्या गायब झाल्या पुस्तकातून. छापखान्याच्या फाइलीतून, कॉलेजच्या फाइलीतून आणि मोबाइलवर वाचायच्या फाइलीतून, तिन्हीतून एकाच वेळी. इतकं सफाईदार काम माझ्या हातून त्याआधी कधी झालं नव्हतं.

पुस्तक अनुपमाताईंचं. ताई जानेफळच्या लहाने घराण्यातली लेक, दिली मेहकरातच. कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवतात, तेही तासिकेवर, म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांपुरत्या मॅडम. पण गावात त्यांना ओळखतात ते एका प्रश्नावरून. तुम्ही काहीही सांगा, ताई विचारणार, ‘‘कोन म्हने?’’

‘‘ताई, आज दुपारी लाइट जाणार आहे.’’

‘‘कोन म्हने?’’

‘‘शेजारचा हरिओम.’’

‘‘अन् हरिओमले कोनं सांगतलं?’’

हरिओमचा पानठेला आहे, विजेच्या खात्याशी त्याचा संबंध बिल भरण्यापुरता, आणि तोही कधीमधी. पण ताई खरंच ठेल्यावर जाऊन विचारून येणार. मग परत येऊन सांगणार, ‘‘त्याले कोनीच नाही सांगतलं. मनानंच बोलून राह्यला तो.’’ पोरं त्यांना ‘कोन म्हने मॅडम’ म्हणतात. ताईंना हे माहीत आहे. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याचाही त्यांनी एकदा तपास केला होता. तेव्हा मी त्यांचाच विद्यार्थी होतो, आणि दोन आठवडे वर्गाच्या मागच्या बाकावर फार सभ्यपणे बसलो.

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कुठून शिरला, ते त्यांनीच एकदा प्रिंट निघेपर्यंत सांगितलं. ताई शाळेत होत्या तेव्हाची गोष्ट. चुलतबहिणीच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीला सरगुंडे होते. सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक तार ओढून ती काडीवर गुंडाळायची, मग काडी काढून घेऊन वाळवायचं. वेळेला उकडून आंब्याच्या रसासोबत खायचं. ते सरगुंडे असे झाले होते की व्याही हात धुवायला उठेचनात. कणीक मळली होती ताईंच्या आईनं, सोजराबाईंनी. सरगुंड्याचा सगळा जीव कणकेत. पण पंगतीत वाढत होत्या त्यांच्या मोठ्या जाऊ, चांगुणाबाई. व्याही म्हणाले, ‘‘उंद्रीवालीच्या हाताले चव आहे बरं.’’ आमच्याकडं सुनेला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात. चांगुणाबाई उंद्रीच्या म्हणून उंद्रीवाली. सोजराबाई साखरखेर्ड्याच्या. साखरखेर्डेवालीचा त्या दिवशी कोणी उल्लेखही केला नाही. पुढं कित्येक वर्षं उंद्रीवालीचे सरगुंडे पंचक्रोशीत गाजत राहिले, आणि त्यांची कणीक साखरखेर्डेवाली मळत राहिली.

‘‘मग तुमच्या माय काही बोलल्या नाहीत?’’ मी विचारलं.

‘‘माय काय बोलन? जाऊ आहे मोठी. पन मी तवापासून पंगतीत बसली की पह्यले विचारतो, हे कोनं केलं.’’

मोठेपणी ताईंनी हाच धंदा केला. दर उन्हाळ्यात मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून गच्च्यागच्च्यांवर बसल्या. कुरड्या, शेवया, सरगुंडे, सांडगे, सगळं टिपून घेतलं. आता ही कामं एकटीदुकटीनं होत नाहीत. सावड असते. आज हिच्या घरी सगळ्या, उद्या तिच्या घरी सगळ्या. जिनं तुमच्या गच्चीवर पाळी दिली, तिच्या गच्चीवर तुम्ही पाळी द्यायची. त्यामुळं माहितीही एकटी देत नाही. जानेफळच्या गच्चीवर सात जणी एकाच वेळी बोलल्या, एकीचं वाक्य दुसरीनं पुरं केलं, आणि शेवटी त्यातल्या सत्यभामाबाईंनी अट घातली. ‘‘बाई, सांगतलं आमी साऱ्याईनं. लिवशीन तं साऱ्याईचं नाव लिव. माहेरच्या गावाचं नको लिवू. गावाचं नाव घ्याले घरचे हायेतच.’’

ताईंनी शब्द दिला. पुस्तकाचं खरं ओझं तो शब्दच होता.

दोन वर्षांनी त्या माझ्याकडं आल्या त्या एक वर्ड फाइल घेऊन. त्या फाइलीची दशा बघून मला आधी बाहेर जाऊन चहा प्यावा लागला. संदर्भांना हातानं आकडे दिलेले. मध्ये एक नवा संदर्भ घुसवला की पुढचे सगळे आकडे चुकणार. फॉन्ट जुना, छापखान्यात उघडला की सरगुंड्यांच्या जागी चौकोन. आणि पाहिजे होतं तिन्ही तऱ्हेचं: चिखलीच्या छापखान्याला पीडीएफ, कॉलेजला वर्ड, आणि जानेफळच्या नातवंडांना मोबाइलवर वाचता येईल असं. म्हणजे यादी तीनदा दुरुस्त करायची, आणि चौथ्यांदा चुकायची.

मला या बाबतीत एक खाज आहे. यूट्यूबवर शिकून ठेवलेल्या गोष्टी वापरायला मेहकरात गिऱ्हाईक मिळत नाही. ते चालत आलं होतं. मी म्हणालो, ‘‘ताई, हे सगळं साध्या मजकुरात टाकू. ना रंग, ना फॉन्ट, नुसती अक्षरं. जिथं संदर्भ द्यायचा तिथं फक्त त्याची खूण लिहायची, अशी: @जानेफळ-सरगुंडे. कोण, कुठं, कधी, ते सगळं दुसऱ्या फाइलीत एकदाच. मग एक हुकूम द्यायचा, की तीन फाइली आपोआप तयार. आकडे, यादी, सगळं ते सॉफ्टवेअर लावतं.’’

‘‘कोन म्हने?’’

मी करून दाखवलं. ताईंनी एक संदर्भ स्वतः मध्ये घुसवला, मी बटण दाबलं, आणि पुढचे सगळे आकडे आपापल्या जागी सरकले. ताई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. ‘‘पुन्हा कर,’’ म्हणाल्या. मी पुन्हा केलं. मग एक संदर्भ काढून बघितला, मग परत घातला. दुकानात जातीच्या दाखल्याचा फॉर्म भरायला आलेला माणूस आमच्याकडं बघत उभा होता. ताईंनी त्यालाही दाखवलं.

आता माझा पराक्रम. यादी कशी दिसावी, हे ठरवणारी एक वेगळी नियमांची फाइल असते. ती मी इंटरनेटवरून तयार घेतली, तिच्यातले इंग्रजी शब्द मोठ्या हौसेनं मराठी केले, आणि सात जणींची नावं, आडनावं न बघता, अकारविल्हे लावून टाकली, म्हणजे भांडण नको. त्या नियमांत एक नियम असा होता की तीनपेक्षा जास्त जण असले, तर पहिलं नाव ठेवायचं आणि बाकीच्यांचं ‘व इतर’ करायचं. तो मी वाचला होता. ‘व इतर’ हे मराठी माझंच, आणि मला ते फार छान जमल्यासारखं वाटलं होतं. तिन्ही फाइली तीन दिशांना रवाना केल्या आणि ताईंना एक छापील प्रत दिली.

ताई ती प्रत घेऊन जानेफळला गेल्या. बाया गच्चीवर सरगुंड्यांनाच बसल्या होत्या. ताईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि शेवटी म्हणाल्या, आता तुमची नावं. पान उलटलं. पानावर होतं: ‘लहाने चांगुणाबाई व इतर, जानेफळ’.

‘च’ आधी येतो, ‘स’ नंतर. व्याह्यांनी पंगतीत केलं होतं तेच मी कॉम्प्युटरवर केलं होतं, तेही अकारविल्हे.

माझा फोन वाजला. ताई रागावल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं.

‘‘हर्षल, इतर कोन?’’

‘‘अं?’’

‘‘तू लिवलं, व इतर. ते इतर कोन आहेत? माय इथं बसेल आहे परातीपाशी. तिनं ऐकलं, म्हने बराबर आहे, अन् पुन्हा कनीक मळाले लागली. सत्यभामाकाकू तं उठूनच गेल्या. मी शब्द देल्ला होता बे.’’

ताई मला पहिल्यांदाच ‘बे’ म्हणाल्या. मी विचारलं, ‘‘छापखान्यात काय स्थिती?’’

‘‘सकाळी छपाईले घेतो म्हने.’’

मी म्हणालो, ‘‘ताई, तुम्ही तिथंच थांबा. फोन चालू ठेवा. स्पीकरवर टाका.’’ जातीचे दाखले, रहिवासी दाखले, सगळे बाजूला सारले आणि नियमांची फाइल उघडली. तिच्यात चारचा आकडा होता: चारपासून पुढं ‘व इतर’. तिथं मी नव्याण्णव लिहिलं. जानेफळात नव्याण्णव बाया एकाच सरगुंड्याला बसल्या तर पुढचं पुढं बघू. बटण दाबलं. यादीत साती नावं, ओळीनं.

‘‘झालं ताई.’’

‘‘कोन म्हने? आतल्या पानावर पाह्य.’’

आतल्या पानावर, मजकुराच्या मध्ये, अजून ‘चांगुणाबाई व इतर’च होतं. यादीचा नियम वेगळा आणि आतला नियम वेगळा, हे मला तेव्हा कळलं. तिथंही नव्याण्णव केलं. पुन्हा बटण. पीडीएफ उघडली: सात जणी. वर्ड उघडली: सात जणी. मोबाइलची फाइल स्वतःच्याच फोनवर उघडली: बोट सरकवलं, सात जणी. आनंदानं माझा हात लागून चहा कीबोर्डवर सांडणार होता, तो मी वाचवला. कप नाही वाचला. एकेक नाव मी फोनवर मोठ्यानं वाचत गेलो, आणि पलीकडून प्रत्येक नावाला एकेक हसणं ऐकू येत गेलं. सत्यभामाबाईंना कोणीतरी जिन्यातून हाका मारून परत बोलावलं, म्हणून त्यांचं नाव मला दोनदा वाचावं लागलं.

सोजराबाईंचं नाव सगळ्यात शेवटी होतं. मला राहवलं नाही. ‘‘ताई, क्रम आता आपल्याच हातात आहे. एका जागी बदलला की तिन्हीकडं बदलतो. मायचं नाव पहिलं टाकू का?’’

ताईंनी मला मायचं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. त्यांना ते किती हवं होतं हे मला मेहकरात बसून ऐकू येत होतं. पण ज्या बाईनं उभ्या गावाला ‘कोन म्हने’ विचारलं, ती काय सांगणार? ‘माह्या म्हनन्यावरून’ असं? शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘माही माय आहे म्हनून पह्यले टाकता नाही येत.’’

तेवढ्यात फोनवर दुसराच आवाज आला. जाड, हुकमी. चांगुणाबाई.

‘‘कोन आहे रे तू? झेरॉक्सवाला का?’’

‘‘हाव, मोठीमाय.’’

‘‘आमी बसतो कशा, तसं लिव ना. कनीक मळनारी पह्यली बसते. ते सोजरा. मग तार ओढनारी. मग गुंडाळनाऱ्या. काडी काढनारी सगळ्यात शेवटी, वाळवनाच्या बाजीपाशी. ते मी. तसं लिव.’’

‘‘म्हणजे तुमचं नाव शेवटी येईल.’’

‘‘तं मग? मी शेवटीच बसतो ना. वाढाले मीच उभी राह्यत होती, म्हनून लोकाईले मीच दिसत होती. आता वाढनं आहे का तुह्या पुस्तकात?’’

पलीकडं एकदम हशा पिकला. त्यात सोजराबाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. ‘‘अवं जाऊबाई, फोन ठिवा, तार तुटून राह्यली.’’

मी क्रम बदलला. लहाने सोजराबाई पहिल्या, लहाने चांगुणाबाई शेवटच्या, मध्ये पाच जणी बसल्या जागी. एक बटण, तीन फाइली. छापखान्याला फोन करून जुनी फाइल फेकून द्यायला लावली, नवी पाठवली, आणि पोचली का म्हणून इतक्यांदा विचारलं की त्यानं शेवटी फोन उचलणं बंद केलं. ताई परत आल्या तेव्हा त्यांच्या पदराला कणीक लागलेली होती. त्यांनी पडद्यावर ते नाव बघितलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, ‘‘पुन्हा कर.’’ मी बटण दाबलं. नाव जिथल्या तिथंच आलं. ‘‘पुन्हा,’’ म्हणाल्या.

पुस्तक निघालं. जानेफळात ते आता मागच्या पानापासून वाचतात. चांगुणाबाई आल्यागेल्याला स्वतः पान काढून दाखवतात, आणि शेवटच्या नावावर बोट ठेवून सांगतात की हा क्रम आपण लावून दिला. क्रमाचं श्रेयही तिकडंच गेलं म्हणायचं. पण या वेळी खरं आहे.

माझी सुटका मात्र सुखासुखी झाली नाही. सत्यभामाबाईंचा निरोप आला: झेरॉक्सवाल्याचं काम आमच्या सात जणींच्या तोंडानं झालं, म्हणजे आम्ही त्याच्याकडं पाळी दिली, आता त्यानं आमच्याकडं एक पाळी द्यावी. गच्चीवर, उन्हात, सरगुंड्यांना. मी निरोप दिला, येत्या रविवारी येतो. त्या रविवारी दाखल्यांच्या सेतूचं सर्व्हर कधी नव्हे ते चालू होतं. पुढच्या रविवारी मावसभावाचं लग्न. मग आभाळ यायला लागलं आणि गच्चीवरचं काम यंदापुरतं बंद झालं. माझी काही चूक नाही, असं मी ताईंना समजावून सांगितलं.

परवा दुसऱ्या आवृत्तीसाठी ती साध्या मजकुराची फाइल उघडली. साध्या मजकुरात अशी एक सोय असते की काही ओळी फक्त लिहिणाऱ्यासाठी ठेवता येतात. पीडीएफ काढा, वर्ड काढा, मोबाइलचं काढा, त्या कुठंच उमटत नाहीत. ती युक्ती ताईंना मीच शिकवली होती. @जानेफळ-सरगुंडेच्या बरोबर वर ताईंनी एक ओळ घालून ठेवली आहे: ‘हर्षलची एक पाळी बाकी.’

‘‘ताई, हे कोण म्हणे?’’ मी विचारलं.

‘‘सात जनी म्हनतात,’’ ताई म्हणाल्या. ‘‘नावं वाचून दाखवू?’’

ओळ अजून तिथंच आहे.