पोरगी पास

आईच्या बोलण्यात इंग्रजी शब्द पुष्कळ होते, पण ते इंग्रजी आहेत याचा तिला पत्ता नव्हता. ‘पास’ मात्र इंग्रजी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तो तिनं माझ्या शाळेतून उचलून आणला होता. मी पहिली पास झाले हे गुरुजींनी तिला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात कामाला लागला.

वरण चाखलं की “पास.” बाजारात शेळीची कास दाबून बघायची आणि तोंड वाकडं करून “नापास, चल” म्हणायची. कापूस उगवून वर आला की पेरणी पास. शेजारच्या म्हाताऱ्याचा खोकला थांबला, तर तोही पास. आमचं सरकारी योजनेतलं घरकुल काही केल्या पास होत नव्हतं, तेव्हा तिनं बाबांना विचारलं होतं, “काहून व्हत न्हाई? अभ्यास कमी पडून राहिला का त्याचा?”

मी शाळेत शहाणी झालेली. चिडून सांगायची, “आई, पास परीक्षेत होतात.”

“मंग हे काय हाय?” असं म्हणून ती खुरपं घेऊन निंदायला निघून जायची.

दहावीनंतर मी कनेरगाव नाक्यावरून एसटीनं हिंगोलीला कॉलेजला जाऊ लागले आणि त्या शब्दाला आणखी एक अर्थ फुटला. माझा फोटो चिकटवलेला तो पास आई प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायची. दप्तरात तो आहे की नाही, हे रोज सकाळी स्वतः बघितल्याशिवाय मला सोडायची नाही.

बारावीला असताना वसमतकडून मला पाहायला पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्यात, परमनंट. त्या ‘परमनंट’वर बाबांचा जीव जडला होता. पाहुण्यांना मात्र परीक्षेपर्यंत थांबायचं नव्हतं. होकार झाला की माझं कॉलेज तिथंच संपणार होतं.

जयभीम झाला, पोहे झाले, मला नाव-गाव विचारून झालं. मी खाली मान घालून सतरंजीचे पट्टे बघत होते. मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवली आणि हसत म्हणाले, “चला, पोरगी पास!”

सगळे हसले. बाबाही हसले. मी रडायच्या बेतात होते.

आई चुलीपासून उठली. “पास तं हायच की, दादा. आमाला काय नवीन हाय त्यात?” असं म्हणत तिनं खुंटीवरचं माझं दप्तर काढलं, त्यातली पिशवी काढली आणि एसटीचा पास मामांच्या हातात दिला. “पन ह्यो पास हाय अजून. आधी ह्यो संपू द्या, मंग बोलू.”

मामांनी तो उलटसुलट करून पाहिला. “ताई, ह्यो तर महिन्याला संपतो.”

“व्हय. मंग मी पुन्यांदा काढते.”

मामांनी पास आईच्या हातात परत ठेवला. बाबांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाहुण्यांना म्हणाले, “परीक्षा होऊ द्या पोरीची.” पाहुणे चहा पिऊन गेले, ते परत आले नाहीत. माझ्या आईएवढी हुशार बाई मी त्यानंतर कुठल्याही कॉलेजात पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत कंडक्टर तिकीट, तिकीट करत माझ्यापाशी आला. एरवी मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. त्या दिवशी “पास!” असं इतक्या मोठ्यानं म्हणाले की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली.