एकच ताट

डोशाचं पीठ आंबलं की मला अदिस अबाबातली ती साधी खानावळ आठवते. टॉवेलच्या ऑर्डरीसाठी हे गेले, तेव्हा मीही सोबत होते. मालकिणीने दोघांत एकच ताट ठेवलं. त्यात जाळीदार, आंबूस भाकरी अंथरलेली, वर मसुराचं कालवण. ह्यांनी भाकरीची कड टॉवेलसारखी चिमटीत धरून चाचपली. "वीण लई सैल हाय की!"

मी सवयीने ह्यांचं जेवण उरकायची वाट बघत बसले. मालकिणीला ते चमत्कारिक वाटलं. तिने घास करून माझ्या तोंडात घातला आणि ह्यांना खुणावलं, आता तुम्ही. लग्नातही घास भरवताना लाजलेले हे, तिथे मुकाट्याने भरवू लागले.

सोलापुरात परतलो आणि ताटं पुन्हा वेगळी झाली.

आज पिठाचा वास सुटला, तसे हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलेत. एकच ताट वाढून बघू का?