गेलो नव्हे, गेलें

तार आली तेव्हा मी मद्रासला शाळेत मुलींच्या वह्या तपासत होते. तार इंग्रजी, माझ्या भावानं, अण्णानं पाठवलेली. इंग्रजीत ‘गेली’ आणि ‘गेला’ यांत फरक नसतो. नुसतं नाव आणि पुढे एक शब्द. तो शब्द वाचला आणि पहिल्यांदा मनात काय यावं? आत्याला हे चाललं नसतं, असं आलं. रडू नंतर आलं, कुंभकोणमच्या गाडीत बसल्यावर.

अंबूआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारी चाकरीत होते. राज्य खालसा झालं, चाकरी गेली, आणि घर कुंभकोणमजवळ मेलकावेरीत येऊन राहिलं. घराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, तीही अशी की पुण्याच्या पाहुण्यांना हसू आवरत नसे. आत्याचे यजमान रंगूनला नोकरीला गेले आणि तिथून त्यांचं एक अक्षर आलं नाही. आत्या कुंकू लावत राहिली आणि माहेरी राहत राहिली. ते जिवंत आहेत की नाहीत, हे कोडं तिला कधी सुटलं नाही. बाकी जगातली सगळी कोडी मात्र ती आम्हाला रोज दुपारी सोडवून दाखवी.

पुण्याहून वडील पार्सलनं पुस्तकं मागवीत. त्यात एक गुप्तहेराच्या हकिगतींचं जाड पुस्तक होतं. दुपारी मागचं आवरलं की आत्या ते घेऊन मधल्या घरातल्या झोपाळ्यावर बसे. आई सुपारी कातरायला घेई, शेजारच्या दोघी-तिघी विड्याची पानं पुसत बसत, स्वयंपाकीण कुप्पम्मा दारात पाय पसरून बसे. ती तमिळ बाई होती, पण आमच्या घरात वावरून मराठी तिला सगळी कळे. आणि आत्या सुरू करी... ‘मी त्या गल्लींत गेलें. कोणी नव्हतं. अम्मळ थांबलें.’ आवाज हळू, अजिबात घाई नसलेला. आमची गुप्तहेर बाई होती. दारावर उभं राहून आत कोण जेवलं नाही हे ती ओळखे, बांगड्या वाजायच्या थांबल्या की तिचे कान टवकारत. संशयिताशी ती भांडत नसे, त्याच्यासमोर बसून गप्प राही. बायकांनी असंच काम करायचं असतं, हे मी दहाव्या वर्षी मनाशी पक्कं केलं होतं.

फार पुढे, मद्रासला एका ग्रंथालयात तेच पुस्तक हातात आलं आणि मी उभ्या उभ्या गार झाले. ‘मी गेलो. मी थांबलो.’ पुस्तकातला गुप्तहेर चांगला मिशीवाला पुरुष, पानापानावर स्वतःची फुशारकी मारणारा! तो मिशीला पीळ देई तिथे आमची बाई पदर खोचत होती. आत्यानं वाचता वाचता नुसते शेवट फिरवले होते. ‘गेलो’चं ‘गेलें’ केलं आणि त्या एका कान्याच्या फरकानं सगळी हकिगतच दुसऱ्याच कुणाची होऊन बसली. मला आत्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. कारण आत्यानं वाचून दाखवलेलं एक प्रकरण त्या पुस्तकात नव्हतंच.

आता ते सांगायलाच हवं. त्या वर्षी आईच्या नाकातली हिऱ्याची चमकी हरवली. न्हायच्या वेळी काढून ठेवली ती दिसेना. ती मी घेतली होती. मला ती नकोच होती. आपल्या घरातही एक रहस्य असावं आणि आत्यानं ते त्या बाईसारखं उलगडावं, एवढीच हौस. पल्लांगुळी म्हणून आमच्याकडे लाकडी खळ्यांचा खेळ असतो, त्याच्या चिंचोक्यांच्या पिशवीत मी चमकी टाकून दिली. पण संध्याकाळी आईनं कुप्पम्माचं गाठोडं अंगणात सोडायला लावलं, तेव्हा मी खांबाआड उभी राहून बघत होते. दोन लुगडी, विभूतीची डबी, मुलाचा एक जुना सदरा. कुप्पम्मानं ते पुन्हा बांधलं. ‘शुक्रवारपर्यंत मिळाली नाही तर ही या घरात नको,’ आई म्हणाली.

बुधवारी दुपारी आत्यानं पुस्तक उघडलं. कुप्पम्मा दारात आलीच नाही, आत भांडी घासत राहिली. आत्या वाचू लागली, ‘मी त्या गरांत गेलें. अस्की स्वैंपाकिणीकडे बघत होतीं.’ अस्की म्हणजे सगळी. आणि घराला ती गरच म्हणे. ‘मी तिच्याकडे बघितलंच नाही. त्या गरांत एक पोर रोज दुपारी चिंचोके खेळायची. दोन दिवस झाले, ती खेळलीच नाही. मी तेव्हडंच बघितलं. कोणाला सांगितलं नाही. चीज जाग्याला आली तर नांव सांगायची नाही, असं मनांत ठरवलें.’ तिनं पान उलटलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आई सुपारी कातरत म्हणाली, ‘गोष्ट बरी आहे की.’

गुरुवारी सकाळी चमकी आईच्या आरशामागे सापडली. आई म्हणाली, ‘पडली असेल.’ कुप्पम्माला कुणी काही म्हणालं नाही. शुक्रवारी तिनं पूर्ण स्वयंपाक केला, चूल सारवली आणि गाठोडं घेऊन तिरुनागेश्वरमला, आपल्या गावी निघून गेली. आत्या गाडी जुंपून तिला आणायला गेली होती. परतली ती एकटीच. ‘पोदुम् अम्मा म्हणाली,’ तिनं आईला सांगितलं. पुरे, बाई. त्यानंतर कुप्पम्माची बातमी आली ती तिच्या मृत्यूचीच.

आत्यानं मला कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले, पण दुपारी डोळा लागला की तो आवाज यायचा... ‘मी तेव्हडंच बघितलं.’ अजून येतो. वर्गात मुली गप्प झाल्या की येतो. कुणी कुणावर आळ घेताना ऐकलं की हमखास येतो.

शेवटची भेट पोंगलच्या सुट्टीतली. आत्या अंथरुणाला खिळली होती, दृष्टी गेली होती. ‘कमळे, पुस्तक वाच,’ म्हणाली. कंदिलाच्या मंद उजेडात मी वाचू लागले, आपसूक ‘गेलें’, ‘बसलें’ करत. ती हसली. मग म्हणाली, ‘कंठीची चोरी आहे की, तिचं शेवटचं पान वाच.’ ते पान मी काढलंच नाही. ते चोराच्या कबुलीचं, हे ग्रंथालयात वाचल्यापासून ठाऊक होतं. ‘उद्या वाचते,’ म्हटलं आणि पुस्तक मिटलं. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘जाऊन ये.’ दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तेराव्यानंतर अण्णानं ते पुस्तक मला दिलं. मधल्या घरात झोपाळ्यावर बसून मी ते उघडलं. कंदिलाच्या उजेडात तेव्हा न दिसलेल्या पेन्सिलीच्या बारीक खुणा पानोपानी होत्या. प्रत्येक ‘गेलो’चा काना खोडलेला, वर अनुस्वार दिलेला. कंठीच्या चोरीचं शेवटचं पान मात्र जवळजवळ स्वच्छ होतं. चोर म्हणतो, ‘कंठी मी घेतली.’ आत्यानं त्यातला एकच शब्द खोडून वर लिहिलं होतं, ‘चमकी’. अक्षर ठसठशीत, डोळे चांगले असतानाचं, म्हणजे किती वर्षांपूर्वीचं कोण जाणे. पुढच्या दोन शब्दांना तिनं हात लावला नव्हता. ‘मी घेतली’ हे बाईनं म्हटलं काय, बुवानं म्हटलं काय, तसंच राहतं. तिथे फिरवायला काही नव्हतंच. वाक्य तयार करून तिनं ठेवून दिलं होतं आणि मी ते वाचावं म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली होती.

स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि मोठ्यानं वाचलं, ‘चमकी मी घेतली.’