चारशे बारा ॲक्सल

२०२४ च्या धनत्रयोदशीला, मंगळवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, मिसिसागातल्या आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या कॉन्डोत बाबांच्या स्कॅनरवर येणारे रेल्वेचे आवाज बंद झाले. त्याआधी सहा दिवस ते स्वच्छ येत होते. स्कॅनर चालू होता, बॅटरी भरलेली होती, अँटेना जागेवर होती. फक्त खरखर येत होती.

बाबांनी वहीत वेळ लिहिली, पेन खिशाला लावलं आणि मला म्हणाले, "एजंटला सांग, नोव्हेंबरचं तिकीट पक्कं कर."

बाबा भुसावळहून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. मी लहान असताना ते दोन-दोन दिवस घरी नसत. आले की त्यांच्या पत्र्याच्या पेटीला कोळशाचा आणि डिझेलचा वास असे. पेटीत हिरवा आणि लाल झेंडा, हातदिवा आणि वही. स्टेशनातून न थांबता जाताना गार्डाने हिरवा झेंडा दाखवायचा, फलाटावरच्या माणसानेही दाखवायचा. याला ते ऑल-राइट म्हणत. पुढच्या स्टेशनवर शेवटचा डबा दिसला की गाडी पूर्ण आली असं धरत. वाटेत काही तुटून राहिलं नाही, याचा पुरावा म्हणजे बाबा.

ते आणि आई त्या वर्षी मे महिन्यात माझ्याकडे आले. परतीचं तिकीट पुढच्या एप्रिलचं होतं. मी इथे एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या ऑफिसात आहे. त्याआधी नाशिकला एका दैनिकात उपसंपादक होते. दिवसभर मी बाहेर. आईने आठवड्याभरात लॉबीत दोन गुजराती बायकांशी हिंदीतून ओळख काढली. बाबा खिडकीपाशी बसून राहायचे.

जूनमध्ये त्यांना रूळ सापडले. घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर पादचारी पूल आहे, खालून मालगाड्या जातात. पहिल्या दिवशी परत आले ते वैतागून.

"शंभर डबे होते. मागे गार्डाचा डबाच नाही. एक लुकलुकणारी डबी लावलीय."

"मग काय झालं?" आई म्हणाली.

"गाडी पूर्ण आली हे सांगतं कोण?"

उत्तर पुलावरच मिळालं. तिथे एक निवृत्त पोस्टमन घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन बसायचा. त्याच्या हातात स्कॅनर होता, म्हणजे रेल्वेचं आपसातलं बोलणं ऐकवणारा छोटा रेडिओ. गाडी गेल्यावर त्यातून यंत्राचा सपाट आवाज आला: मैलाचा आकडा, रुळाचा क्रमांक, दोष नाही, एकूण ॲक्सल इतके. रुळाकाठी बसवलेलं उपकरण तापलेली चाकं शोधतं आणि चाकांच्या जोड्या, म्हणजे ॲक्सल, मोजून रेडिओवर सांगतं. बाबांनी ते पोस्टमनकडून तीनदा समजून घेतलं. त्यांचं इंग्रजी रेल्वेपुरतं चोख होतं.

मी त्यांना तसाच स्कॅनर आणून दिला. उन्हाळाभर ते रोज पुलावर गेले. घरी आले की आईला सांगत, "आज एका इंजिनवाल्याने हात केला. मीही ऑल-राइट दिला."

"झेंडा नेला होता की काय?"

"रुमाल होता."

पुलावरून मात्र एकच उपकरण ऐकू यायचं, पश्चिमेकडचं. पूर्वेला आणखी एक होतं. बाबांचा हिशेब साधा होता. एकाच गाडीचा आकडा दोन्हीकडे सारखा आला, तर गाडी पूर्ण. दोन्ही ऐकायला उंचीवर बसायला हवं, आणि आमचा फ्लॅट उंचीवर होता. शिवाय ऑक्टोबरात त्यांचा गुडघा दुखायला लागला, आणि बर्फ पडल्यावर पुलाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं डॉक्टरने बजावलं.

तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "घरातून ऐकू आलं तर एप्रिलपर्यंत थांबतो. नाहीतर पाच महिने या काचेआड मी काय करणार?"

आई एकटी मागे राहणार नव्हती. एजंटने तारीख बदलून नोव्हेंबरच्या मध्यातल्या दोन जागा दिवाळीतल्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत धरून ठेवल्या. त्याआधी मी इथे चार हिवाळे एकटीने काढले होते.

घरात सुरुवातीला काहीच ऐकू येत नव्हतं. बाबांनी स्कॅनर देवघराच्या फळीवर आडवा ठेवला होता, वायफायच्या डब्याला टेकून. खरखर नको म्हणून स्क्वेल्चचं बटण, म्हणजे नको तो आवाज दाबणारं, शेवटपर्यंत फिरवलं होतं. त्यात खरखरीबरोबर लांबचे आवाजही दबत होते. पोस्टमनने फोनवर सगळं विचारून घेतलं आणि एकेक सांगितलं. स्कॅनर उभा ठेवा, कारण रेल्वेच्या अँटेना उभ्या असतात. बटण खरखर जेमतेम थांबेल इतकंच फिरवा. काचेला धातूचा पातळ थर असतो, तो लहरी अडवतो, म्हणून बाल्कनीत या. स्कॅनरबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना काढा आणि पंचेचाळीस सेंटिमीटरची लावा. रेल्वेच्या लहरींना ती लांबी बसते. अँटेनाच्या बुडाशी तेवढ्याच लांबीची तार बांधून खाली लोंबती सोडा.

तार बाबांनी स्वतः कापली. आईच्या शिवणाच्या टेपने दोनदा मोजली. मी म्हटलं, "सेंटिमीटरभर इकडेतिकडे चालतं, बाबा."

"तुझ्या पेपरात चालत असेल."

अँटेना त्यांनी बाल्कनीच्या छताला असलेल्या हुकाजवळ दोरीने बांधली आणि वायर दारातून आत घेतली. बुधवारी, म्हणजे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, पूर्वेकडचं उपकरण पहिल्यांदा ऐकू आलं. पुढचे दिवस बाबा चहाचा कप घेऊन स्कॅनरपाशी बसत. एकाच गाडीचे दोन्हीकडचे आकडे मात्र सापडत नव्हते. कधी एखादी गाडी मध्येच थांबायची, कधी दोन गाड्यांचं बोलणं एकमेकांवर यायचं. तेवढ्यात धनत्रयोदशी आली आणि सगळंच थांबलं.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "बॅगा भरायच्या असतील तर फराळाचे डबे आधी रिकामे करा."

बुधवारी सकाळी सात वाजता स्कॅनर पुन्हा बोलायला लागला. बाबांनी वेळ लिहिली. दिवसभर आवाज स्वच्छ होता. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो गेला. मी ऑफिसातून नुकतीच आले होते. मला वाटलं, इमारतीत या वेळी कुणी काही यंत्र लावत असेल. बाबा वहीतल्या नोंदींकडे बघत राहिले.

"काल सव्वासहा, आज सहा दहा. सकाळी सातला परत चालू. या वेळांना आपल्या घरात काय होतं?"

"काय होणार?" आई म्हणाली. "मी दिवे लावते. सकाळी उठले की बंद करते."

बाबा उठले, बाल्कनीत गेले आणि आकाशकंदिलाचा प्लग काढला. आतून स्कॅनरचा आवाज आला. कुणीतरी कुणाला सिग्नल हिरवा असल्याचं सांगत होतं. त्यांनी प्लग लावला. खरखर. काढला. आवाज.

कंदील धनत्रयोदशीला त्यांनीच बांधला होता, अँटेनाच्या त्याच हुकाला. दोन्हीला उंची हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. आत एलईडीची स्वस्त माळ होती. तिच्या अडॅप्टरमधून निघणारा गोंगाट अँटेना वीतभर अंतरावरून ऐकत होती. हुक दुसरा नव्हता. बाल्कनी सहा फुटांची; कंदील दुसऱ्या टोकाला धरून पाहिला, तरी खरखर राहिलीच.

"मग गाडीच्या वेळेला कंदील बंद ठेवू," बाबा म्हणाले.

"गाडीची वेळ तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"नाही."

"मग दिवाळीत कंदील विझवून बसायचं? अहो, तुमच्या गाड्यांपायी निम्म्या दिवाळ्या मी एकटीने केल्या. कंदील मीच बांधायचे, स्टुलावर चढून. ही खाली स्टूल धरायची."

हे खरं होतं. मी स्टूल धरायचे. रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर तो कंदील असायचा. बांबूच्या काड्या, खळीने चिकटवलेला लाल-पिवळा कागद आणि आत साधा चाळीसचा बल्ब. कंदिलाची शेपटं वाऱ्याने बल्बकडे गेली की आई ओरडायची. बाबा ड्यूटीवरून यायचे तेव्हा लांबूनच त्यांना तो दिसायचा, असं ते सांगत.

बाबांनी कंदिलात डोकावून माळ पाहिली. मग मला म्हणाले, "इथे जुना बल्ब मिळतो का गं? तारेचा?"

घरात वापरायचे तसे बल्ब इथे दुकानात आता नसतात. पोस्टमनला फोन केला. तो म्हणाला, ओव्हनच्या आत लावायचा मिळतो, त्यात तारच असते, गोंगाट करत नाही. गुरुवारी मी जेवणाच्या सुट्टीत हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस वॉटचा ओव्हनचा बल्ब आणि होल्डर आणला. बाबांनी माळ काढली आणि बल्ब कागदापासून चार बोटं दूर राहील असा टांगला. सहा वाजता आईने बटण दाबलं.

प्रकाश पिवळा होता, थोडा तांबूस. आई दारात उभी राहून बघत होती.

"हा दिसतो कंदिलासारखा," ती म्हणाली. "ती माळ म्हणजे दवाखाना वाटायचा."

स्कॅनर चालू होता. खरखर नव्हती. बाबा वही उघडून बसले. सहा वाजून बावीस मिनिटांनी पश्चिमेचं उपकरण बोललं: दोष नाही, एकूण ॲक्सल चारशे बारा. आईने चकलीची बशी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सहा त्रेचाळीसला दुसरी एक गाडी पश्चिमेकडे गेली, तिचा आकडा वेगळा होता. सहा एक्कावन्नला पूर्वेचं उपकरण बोललं. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते: दोष नाही, एकूण ॲक्सल चारशे बारा.

बाबांनी आकडा लिहिला. मग उजवा हात खांद्याच्या वर उचलला आणि बाल्कनीच्या दिशेने दोनदा हलवला.

"पूर्ण आली," ते म्हणाले.

"आता चकली खा," आई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी एजंटला फोन करून नोव्हेंबरच्या जागा सोडून दिल्या. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत होता. आई-बाबा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ठरलेल्या तिकिटाने भुसावळला गेले. स्कॅनर, तार आणि वही माझ्याकडे आहेत. वहीतली शेवटची नोंद निघायच्या दिवशीची, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांची आहे: ॲक्सल तीनशे शहाण्णव, दोन्हीकडे.