कळवतेकाकू आणि घड्याळाचं स्थळ

आमच्या सोसायटीबाहेरच्या भाजीवाल्याकडे कळवतेकाकू भोपळा बघायला जायच्या. तो कुठला, कधी आला, बरोबरचे कुठे गेले, अशी आधी चौकशी व्हायची. मग त्याला सगळ्या बाजूंनी वळवून बघायचं, जरासं वाजवायचं आणि "बरं आहे, कळवते" असं म्हणून निघायचं. इथवर कुणीही विक्षिप्त बाई करील. काकूंचं वेगळेपण पुढे होतं. संध्याकाळी त्या न चुकता परत जायच्या आणि भाजीवाल्याला सांगायच्या, "भोपळ्याला आमचा नकार आहे. भोपळा चांगला आहे, पण मी एकटी आणि तो मोठा. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." भाजीवाला पहिल्या वर्षी घाबरला. पुढे पुढे "असू द्या काकू, येईल दुसरं गिऱ्हाईक" असं म्हणून तोच त्यांची समजूत काढायला शिकला.

काकू सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. राहायला कोथरूडला, आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर. स्वतः लग्न केलेलं नव्हतं. गेल्या वर्षी त्या गेल्या, पण अजूनही त्यांच्या दारावरून जाताना मी पायातलं वाजू नये म्हणून जपून उतरते, कारण "तुझ्या चपलांवरून कळतं, आज घरात भांडण झालंय" असं त्या दार उघडून सांगायच्या. त्यांची पेठेतली ने-आण माझ्या स्कूटरवर चालायची, त्यामुळे त्यांच्या धंद्याची खडान्‌खडा माहिती मला होती. माझं लग्नही त्यांनीच जमवलेलं. "मुलगा घोरतो, पण तालात घोरतो," हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्या बाबतीत माझी फसवणूक झालेली नाही.

मंडळाचा त्यांचा एकच कडक नियम होता. बघून आल्यावर उत्तर कळवायचं. "होकार फोनवर चालतो गं, नकाराला माणसानं जावं लागतं," असं त्या म्हणायच्या. एका संगणकवाल्या मुलानं मुलगी बघितली आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. काकू त्याच्या हिंजवडीच्या ऑफिसात जाऊन बसल्या. गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, मांडीवर डबा. तो खाली आल्यावर म्हणाल्या, "मी काही तुम्हाला बोहल्यावर चढवायला आले नाही. नाही म्हणायचंय ना? मग म्हणा. चला, मी बरोबर येते." आणि खरोखरच त्याला रिक्षात घालून मुलीच्या घरी घेऊन गेल्या. त्या मुलानं नकार दिला, चहा घेतला आणि जाताना सगळ्यांच्या पाया पडला.

एवढा अट्टहास कशासाठी, हे त्यांनी मला एकदा नळस्टॉपच्या सिग्नलला, मागच्या सीटवरून सांगितलं. त्या विशीत असताना एक स्थळ आलं होतं. मुलगा, आईवडील आणि एक मामा. काकूंनी चालून दाखवलं, गाणं म्हटलं. जाताना ती मंडळी "कळवतो" म्हणाली आणि त्यांनी कधीच काही कळवलं नाही. वडील सरळमार्गी. एका ठिकाणचं उत्तर यायचं असताना दुसरीकडे मुलगी दाखवणं त्यांना पटेना. ते थांबले, थांबता थांबता आजारी पडले, गेले, आणि मग घरात तो विषयच कुणी काढला नाही. "नाही म्हणाले असते तर मी दोन दिवसांत विसरले असते," काकू म्हणाल्या. "पण माझ्यात खोट काय निघाली ते तरी सांगायचं. उंची, दात, की गाणं? मी अजून गाताना दात लपवते." सिग्नल सुटला होता. मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करत होते आणि मला गाडी पुढे काढवत नव्हती.

तर या काकूंना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. सोसायटीनं सत्कार ठरवला. काकूंनी बजावलं, "शाल आणाल तर याद राखा. ट्रंक भरलीय." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला घड्याळ घ्यायचंय. मनगटावरचं. चांगल्यातलं चांगलं."

मला आश्चर्य वाटलं, कारण त्यांनी आयुष्यात घड्याळ घातलेलं नव्हतं. पण त्यांचा हिशेब सरळ होता. "आजवर इतकी लग्नं लावली. प्रत्येक लग्नात नवऱ्यामुलाला घड्याळ आणि नवरीमुलीला सूचना. आता मला एक घड्याळ हवंय, जे कुठल्याच जावयाला मिळालं नसेल." मागेपुढे कुणी नव्हतं, गाठीला होतं, आणि हौस आयुष्यात पहिल्यांदाच तोंड वर काढत होती. मी नको कशाला म्हणू?

लष्कर भागात एक दुकान आहे. तिथे दार उघडायला एक माणूस, बंद करायला दुसरा. आत गेल्यावर थंडी वाजते आणि सगळे हळू बोलतात. तन्मय नावाचा एक सुटाबुटातला तरुण आमच्यासमोर बसला. त्यानं दिलेल्या कार्डावर 'रिलेशनशिप मॅनेजर' असं लिहिलं होतं. ते वाचून काकूंचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्यातलेच," त्या मला म्हणाल्या.

मग बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तन्मय मखमलीच्या तबकातून एकेक घड्याळ आणायचा आणि काकू चष्मा बदलून चौकशी करायच्या. मूळ कुठलं? स्वित्झर्लंड. घराणं जुनं का? खूप जुनं. इकडच्या हवेत टिकेल? टिकेल, मॅडम. एकाची किंमत ऐकून मी हातातला पाण्याचा पेला सावकाश खाली ठेवला, तोही महागाचा असावा म्हणून. काकू मात्र शांत होत्या. "अपेक्षा जास्त आहेत, पण एवढ्या मोठ्या घरात असायच्याच."

आणि नकार सुरू झाले. हिरे जडवलेल्या घड्याळाला त्या म्हणाल्या, "सगळे दागिने एकदम अंगावर घालणारं नको." एकात तीन देशांच्या वेळा एकदम दिसायच्या. "हे तीन घरी नांदतंय. आमच्याकडे केव्हा लक्ष देणार?" एक खोल समुद्रात चालायचं. "मला मुठेपलीकडे जायला पूल आहे हो." एकाची आतली चाकं काचेतून दिसत होती. त्याच्यावर त्यांनी रुमाल टाकला. प्रत्येक नकार त्या घड्याळाकडे बघून, कारणासकट, सौम्य आवाजात देत होत्या. तन्मयनं पहिल्यांदा मागे वळून पाहिलं की त्या कुणाशी बोलताहेत. नंतर तोही घड्याळ उचलून नेताना हलक्या आवाजात "ठीक आहे, ठीक आहे" म्हणू लागला.

शेवटी एक आलं. निळी तबकडी, तीन काटे, बाकी काही नाही. काकूंनी ते कानाला लावलं, मनगटावर ठेवलं. मग म्हणाल्या, "सालस आहे. आमची पसंती आहे." जागच्या जागी होकार देताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

तन्मय खाकरला. "मॅडम, हे फक्त दाखवायला ठेवलंय. याला मागणी खूप आहे. कुणाला द्यायचं ते कंपनी ठरवते. होकार कंपनीकडून यावा लागतो."

काकूंनी घड्याळ हळूच तबकात ठेवलं आणि खुर्चीत सरळ बसल्या. मी बघितलं, त्यांनी पदर खांद्यावरून नीट घेतला होता.

तन्मयनं विचारलं, "आधीची कोणती घड्याळं आहेत आपल्याकडे?"

"एकही नाही. हे पहिलंच."

"अच्छा. म्हणजे, आधी घेतलेल्यांना जरा प्राधान्य असतं."

"आमच्याकडे प्रथमवराला मान असतो," काकू म्हणाल्या. "तुमच्यात बिजवराला?"

बिजवर म्हणजे दुसऱ्यांदा लग्नाला उभा राहिलेला, हे मी त्याला समजावलं. त्यानं विचार केला आणि प्रामाणिकपणे "हो" म्हणाला. मग त्यानं काकूंची माहिती विचारून घेतली. वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, आवडीनिवडी. काकू शाळेतल्या मुलीच्या आवाजात उत्तरं देत होत्या. गाण्याची आवड आहे, हे सांगताना त्यांचा हात तोंडावर गेला. निघताना तन्मय उभा राहून म्हणाला, "कंपनी कळवेल."

मला त्याचा गळा धरावासा वाटला.

त्यानंतरचे महिने आमच्या इमारतीनं जे केलं, ते मी बाहेरच्यांना सहसा सांगत नाही. दुसरं घड्याळ बघा म्हटलं तर काकू म्हणायच्या, "असं कसं? एका ठिकाणचं उत्तर यायचंय." पोह्यांचा डबा भरलेला राहू लागला. "कुणी चौकशीला आलं तर माझ्याबद्दल चांगलं सांग," असं त्या मला, वॉचमनला आणि दुधवाल्याला सांगून आल्या. कंपनी माणूस पाठवत नसते, हे मी सुरुवातीला सांगून पाहिलं. पुढे पुढे मीही जिना झाडून घेऊ लागले.

आणि एका दुपारी खरंच एक गोरा माणूस फाटकात येऊन उभा राहिला. वॉचमननं त्याला सरळ काकूंच्या घरी नेऊन बसवलं. सेक्रेटरी, म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर, कोट घालून धावत आले आणि त्यांनी इंग्रजीतून बाजू मांडली. स्वभाव शांत, कुणाशी भांडण नाही, पार्किंगवरून झालं ते सोडा. काकूंनी मान खाली घालून पोह्यांची बशी पुढे केली. त्या गृहस्थानं दोन बश्या पोहे खाल्ले, डोळे मिटून "नमस्ते" म्हटलं आणि रव्याचे लाडू घेऊन गेला. आठवडाभर आम्ही निरोपाची वाट पाहिली. मग तो शेजारच्या इमारतीतल्या योगवर्गाला जाताना दिसला, काखेत गुंडाळलेली चटई. त्या दिवशी तो पत्ता चुकला होता.

आम्ही हसलो. काकूही हसल्या, पण त्यानंतर त्या उतरत गेल्या. मंडळात मुलींचे बाप खोळंबले. एक दिवस भाजीवाल्यानं मला थांबवलं. त्यानं एक भोपळा बाजूला ठेवलेला होता. "ताई, काकू बघून गेल्यात, आठवडा झाला. काहीच कळवलं नाही हो. बऱ्या आहेत ना?" घड्याळ गेलं खड्ड्यात, पण ही बाई पुन्हा तशीच, उत्तराची वाट बघत बसली होती, आणि या वेळी वय सत्तरीला टेकलं होतं.

मी तडक त्या दुकानात गेले. आतल्या थंडीत जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात तन्मयला म्हणाले, "नकार असेल तर नकार सांगा. माणसांना टांगून कसलं ठेवता?"

तो कानकोंडा झाला. "मॅडम, आम्ही कधी नाही म्हणत नाही. फक्त थांबायला सांगतो. तशी पद्धतच आहे."

"पद्धत तुमच्या स्वित्झर्लंडात. कोथरूडात एक बाई त्यापायी जेवेनाशी झालीय." एवढं बोलून मी निघाले. दार उघडायला तो माणूस येईपर्यंत मलाच थांबावं लागलं, त्यामुळे माझा थोडा पोपट झाला.

वाढदिवस आला. सोसायटीच्या हॉलमध्ये सत्तर दिव्यांचं तबक केलं होतं, ते विझू नयेत म्हणून हेडमास्तरांनी पंखे बंद करवले होते. शाल नको सांगूनही तीन शाली आल्याच आणि तिन्ही काकूंच्या अंगावर होत्या. काकू घामाघूम होऊन, मंद हसत, भाषणं ऐकत होत्या. त्यांचं लक्ष भाषणात नव्हतं हे मला दिसत होतं.

तेवढ्यात दारात तन्मय उभा. सूट तोच, पण पार चुरगळलेला. दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, स्कूटरवरून आला होता. सगळ्यांनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

तो सरळ काकूंसमोर गेला. "काकू," मॅडम नाही म्हणाला तो, "नकार आहे."

काकू म्हणाल्या, "बसा. आधी पाणी घ्या." तो पाणी प्यायला. मग त्यांनी विचारलं, "कारण?"

"तुम्ही पहिल्यांदाच घेताय, एवढंच. ते जुन्या गिऱ्हाइकांनाच देतात. मी परत परत विचारलं त्यांना, शेवटी साहेब चिडले माझ्यावर."

"माझं काही?"

"तुमचं काही नाही."

"म्हणजे माझ्यात खोट नाही?"

"नाही हो काकू. तुमच्यात काहीच खोट नाही."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. शाली अंगावरून घसरत होत्या, त्यांना भान नव्हतं. मग म्हणाल्या, "उभे राहून सांगा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तन्मय उभा राहिला, हॉलकडे वळला आणि बाजारात ओरडावं तसं ओरडला, "काकूंच्यात काहीच खोट नाही!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांना काही सुचेना, म्हणून त्यांनी काकूंच्या अंगावरची एक शाल काढली आणि तन्मयच्या खांद्यावर घातली. मी रडत होते आणि माझा नवरा मला, झालं काय, घड्याळ मिळालं का, असं विचारत होता. काकू खुर्चीत मागे टेकल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं टेकून बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.